टेंपोतले बारा जण

डावऱ्याला संघात ठेवायचं की काढायचं, हा वाद त्या वाडीत तीन मोसम चालला होता. उपांत्य सामना आठ दिवसांवर आला तेव्हा मात्र आजच काय तो निकाल लावा, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. कारण या वेळी तक्रार बाहेरून आली होती.

देवगड तालुक्यात टेनिस बॉलचं क्रिकेट वाडीवाडीत खेळलं जातं. भातकापणी आटोपली की सड्यावरचं गवत कापून मैदान मोकळं करायचं, कातळावर माती पसरून, पाणी मारून, चोपून पिच तयार करायची आणि आंब्याची काढणी अंगावर येईपर्यंत प्रत्येक रविवार खेळायचा. मॅच सहा ओव्हरची. एका गोलंदाजाला फार तर दोन ओव्हर. टेनिसचा बॉल हलका, त्याला शिवण नाही, आणि जरा आखूड पडला की असा उसळतो की फलंदाज त्याच्या खाली जाऊन आरामात कुंपणापलीकडे कलमांच्या बागेत भिरकावून देतो. म्हणून या खेळात गोलंदाजाची सगळी किंमत यॉर्करवर ठरते. सहाच्या सहा चेंडू फलंदाजाच्या बुटांवर टाकू शकणारा माणूस चार गावांत एखादाच सापडतो. या वाडीत तो होता. डाव्या हाताने टाकायचा म्हणून सगळे त्याला डावरोच म्हणत.

शेवटच्या ओव्हरला सात धावा हव्या असताना त्याने समोरच्यांना तीनवर रोखलं, असं लोकांनी पाहिलं होतं. आणि त्याच डावऱ्याने पंचाच्या अंगावर धावून जाणं, ओव्हर अर्धी टाकून सीमेवर जाऊन बसणं, हेही पाहिलं होतं. मॅच सकाळी नऊची असली की हा साडेनऊला येणार. गेल्या महिन्यात कीपरने एक झेल सोडला. कीपर अकरावीतला पोर. डावऱ्याने भर मैदानात, लाऊडस्पीकरवर कॉमेंट्री चालू असताना, त्याच्या आईवरून शिवी हासडली. पोराची आई त्या वेळी मैदानाच्या कडेला कोकम सरबताच्या टेबलाशी उभी होती.

नवी तक्रार याहून गंभीर होती. आदल्या रविवारी संघ खाडीपलीकडच्या गावात जिंकून टेंपोने परत येत होता. तिन्हीसांजेची वेळ. घाटीच्या वळणावर तीन बायका डोक्यावर गवताचे भारे घेऊन रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. टेंपोतून कोणीतरी शिट्टी मारली आणि एक घाणेरडं वाक्य ओरडलं. मागोमाग हसण्याचा मोठा आवाज आला आणि टेंपो पुढे निघून गेला. त्या बायकांपैकी एक अंगणवाडीत काम करणारी होती. दुसऱ्या दिवशी ती एकटी या वाडीच्या देवळात आली आणि सभामंडपात बसलेल्या माणसांना काय घडलं ते शब्द न गाळता सांगून गेली. तोंड दिसलं नव्हतं, टी-शर्टचा रंग दिसला होता. रंग सगळ्यांचा एकच.

ती पायऱ्या उतरून जाते न जाते तोच दोघातिघांच्या तोंडून एकदम निघालं, ‘‘डावरोच असतलो.’’

त्याच रात्री देवळात बैठक बसली. डावरो बैठकीला नव्हता. तो एका ट्रॉलरवर खलाशी. बोट समुद्रात होती, दोन दिवसांनी येणार होती. कप्तान होता, खजिनदार होता, संघातली पोरं होती आणि गुरुजी होते. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन कैक वर्षं झालेले. संघाची धावांची वही तेच ठेवत. ऐंशीच्या घरातला माणूस, पण भर उन्हात छत्री घेऊन बसून प्रत्येक चेंडू टिपणार.

खजिनदाराने सुरुवात केली. वाडीचं नाव गेलं, बायकामाणसांपर्यंत गेलं, आता एका माणसासाठी सगळ्यांनी मान खाली घालायची का? काढून टाका, सुंठीवाचून खोकला जाईल. त्यावर मधल्या फळीतला एक जण उठला. त्याचं म्हणणं, कोणी काय बोललं त्याचा पुरावा नाही, आणि पुढची मॅच ज्या संघाशी आहे त्यांचे पहिले तीन फलंदाज सहा ओव्हरमध्ये ऐंशी मारतात. ‘‘सेमीफायनलीक डावरो होयोच. तो नसलो तर जिंकतलो कोण?’’ मग मध्यममार्ग निघाला: ही स्पर्धा होऊ दे, मग काढू. अर्ध्याअधिक माना हलल्या.

मला वाटतं, जगातल्या बहुतेक संघांत, कंपन्यांत आणि घरांतही गुणी पण त्रासदायक माणसाबद्दल हीच चर्चा अशीच होते. एकाला तो नकोसा झालेला असतो, दुसऱ्याला तो गरजेचा असतो, आणि दोघंही आपापल्या सोयीला तत्त्वाचं नाव देतात. त्याने नेमकं काय केलं, हे विचारायचं राहूनच जातं.

गुरुजींनी तेच विचारलं. ‘‘एकाक तो नको म्हणान नको, दुसऱ्याक होयो म्हणान होयो. तेणा केल्यान काय, तां माका कोणीतरी सांगा. मी वहीत लिवतंय.’’

वही उघडली गेली. पंचाच्या अंगावर धावून गेला: पाहिलेले आठ जण. ओव्हर टाकून निघून गेला: सगळ्यांनी पाहिलं. कीपरला आईवरून शिवी दिली: सगळ्यांनी ऐकलं. मॅचला उशिरा येतो: इथे एकाने स्वतःहून सांगितलं की बोट पहाटे बंदरात लागते, मासळी टोपल्यांत भरून, बर्फ मारून, लिलाव होईपर्यंत तांडेल खलाशाला सोडत नाही. गुरुजींनी तो मुद्दा लिहिला आणि त्याच्यापुढे ‘कामामुळे’ असं घातलं. मग टेंपोतलं वाक्य. ‘‘ह्यां कोणी बघल्यान?’’

कोणी बोलेना.

गुरुजींनी पेन खाली ठेवलं आणि सुभाष गुप्त्यांची गोष्ट सांगितली. पोरांतल्या कोणीही ते नाव ऐकलेलं नव्हतं. सचिन ठाऊक, कांबळी ठाऊक, मालवणात जन्मलेले त्या दोघांचे गुरू आचरेकर सर तर घरचेच. गुप्ते कोण?

गुप्ते मुंबईचे. १९२९ साली जन्मलेले. लेगस्पिन टाकायचे. हवेत उंच आणि सावकाश, फलंदाजाला वाटावं की आता पुढे येऊन मारूच, आणि तेवढ्यात चेंडू खाली उतरून वळायचा. गुगली एक नव्हे, दोन तऱ्हेच्या. गुरुजींनी एका पोराकडून चेंडू मागून घेतला आणि मनगट कुठे वळतं ते दाखवलं. वयाने हात थरथरत होता, पण चेंडू फरशीवर पडून चांगला हातभर बाजूला गेला. १९५४ साली ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईकडून खेळताना गुप्त्यांनी एका पाहुण्या पाकिस्तानी संघाचे एका डावात दहाच्या दहा बळी घेतले. १९५३ मध्ये वेस्ट इंडिजमध्ये वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या तिघा फलंदाजांसमोर पाच कसोटींत २७ बळी. तिकडच्या फर्ग्युसन नावाच्या फिरकी गोलंदाजावरून त्यांना ‘फर्गी’ हे नाव पडलं. १९५८च्या डिसेंबरात कानपूरला त्याच वेस्ट इंडिजविरुद्ध एका डावात १०२ धावांत नऊ बळी. दहावा तेवढा वसंत रांजण्यांनी घेतला. त्या वेळी देवगड रत्नागिरी जिल्ह्यात होतं, मुंबईहून बोट यायची आणि बोटीबरोबर वर्तमानपत्रं. गुरुजी तेव्हा शाळकरी. कानपूरची बातमी त्यांनी धक्क्यावर उभं राहून वाचली होती. गॅरी सोबर्ससारखा माणूस पुढे आयुष्यभर सांगत राहिला की आपण पाहिलेला सर्वांत मोठा लेगस्पिनर गुप्तेच.

‘‘मगे?’’ कीपर म्हणाला.

मग १९६१ साल. टेड डेक्स्टरचा इंग्लंडचा संघ भारतात आला होता. कानपूरच्या दुसऱ्या कसोटीत गुप्त्यांनी पहिल्या डावात पाच बळी घेतले आणि भारताने इंग्लंडवर पहिल्यांदाच फॉलोऑन लादला. तिसरी कसोटी दिल्लीला. संघ इंपीरियल हॉटेलात उतरला. गुप्ते आणि मद्रासचे कृपालसिंग एका खोलीत. कृपालसिंगांनी हॉटेलातल्या स्वागतकक्षातल्या मुलीला फोन करून आपल्याबरोबर ड्रिंक घ्यायला बोलावलं. मुलीने संघाच्या व्यवस्थापकाकडे तक्रार केली.

‘‘तक्रार केल्यान तां बरा केल्यान,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘आज सकाळी जी बाई हयसर येऊन गेली, तिणाय बरा केल्यान. आधी ह्यां मनात पक्का धरा.’’

चौकशी झाली. तीही व्हायलाच हवी होती. पण फोन खोलीतून झाला म्हणून खोलीतले दोघंही दोषी धरले गेले. दोघांनाही संघातून वगळलं. गुप्त्यांनी उतारवयात सांगितलेली हकीकत अशी की बोर्डाच्या पदाधिकाऱ्याने त्यांना विचारलं, तू त्याला थांबवलं का नाहीस? गुप्त्यांनी उत्तर दिलं, तो अंगाने एवढा मोठा माणूस, मी त्याला कसा थांबवणार? हा प्रश्न नीट पाहण्यासारखा आहे. थांबवलं का नाहीस असं ज्याला विचारलं जातं, त्याने ते कृत्य केलेलं नाही, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं. ठाऊक असूनही शिक्षा झाली. पुढच्या कलकत्त्याच्या कसोटीत गुप्ते नव्हते, मद्रासच्याही नव्हते, त्यानंतरच्या वेस्ट इंडिज दौऱ्यावरही नव्हते. ३६ कसोटी आणि १४९ बळी यांवर त्यांची कारकीर्द संपली. वय नुकतंच ३२ झालेलं. आणि फिरकी गोलंदाज पिकतो तोच त्या वयाला.

‘‘सुक्याबरोबर ओलांय जळता,’’ खजिनदार पुटपुटला.

‘‘तसा झाला असता तरी एक वेळ समजलं असतंय,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘कृपालसिंग मगे परत खेळलो. १९६४ पर्यंत खेळलो. सुकां वाचला आणि ओलां जळला.’’

मधल्या फळीतल्या त्या पोराला ही गोष्ट आपल्या बाजूची वाटली. त्याने विचारलं, मग पुढे हरले असतील ना? गुरुजी म्हणाले, त्याच मालिकेतल्या उरलेल्या दोन्ही कसोटी भारताने जिंकल्या आणि इंग्लंडविरुद्धची पहिली मालिका खिशात घातली. संघ जिंकत होता, म्हणून गुप्त्यांची आठवण कोणाला झाली नाही. नंतर वेस्ट इंडिजमध्ये पाचही कसोटी हरले. पण त्यांना नेलं असतं तर जिंकलो असतो, असं मी म्हणणार नाही, कदाचित तरीही हरलो असतो. हरलो म्हणून ती शिक्षा चूक ठरत नाही आणि जिंकलो म्हणून बरोबर ठरत नाही. गुप्त्यांची पत्नी त्रिनिदादची. ते तिकडेच जाऊन राहिले आणि २००२ साली पोर्ट ऑफ स्पेनला वारले. मुंबईच्या या माणसाचा कसोटीतला शेवटचा चेंडू दिल्लीत पडला आणि तो शेवटचा आहे हे टाकताना त्याला माहीत नव्हतं.

देवळात बराच वेळ कोणी बोललं नाही. मग गुरुजींनी विचारलं, ‘‘त्या सांजेक टेंपोत कितके जण होतास तुमी?’’

‘‘बारा जण होतंव.’’

‘‘एकान शिट्टी मारल्यान. बाकीच्यांची तोंडा कित्याक बंद होती?’’

गुप्त्यांना विचारलेलाच तो प्रश्न होता. फरक इतकाच की दिल्लीत तो एकट्याला विचारला गेला आणि इथे सगळ्यांना.

उत्तर द्यायला उठला तो कीपर. ज्याला शिवी बसली होती तो. त्याचा आवाज चिरकत होता. ‘‘डावरो नव्हतो. तेचो खांदो दुखत होतो, तो फुडे डायवराच्या बाजूक बसललो. माझ्या आवशीवरसून तेणा गाळी घातल्यान तां खरा. माका तेचो राग आसा. पण ह्यां तेणा करूक नाय.’’

आता पुढचा प्रश्न उघडच होता, पण गुरुजींनी तो विचारला नाही. ते वहीकडे बघत राहिले. सभामंडपाच्या खांबाला टेकून संघाचा सलामीचा फलंदाज बसला होता. शांत, गोड बोलणारा, पंचाला वाकून नमस्कार करणारा पोरगा. त्याच्या घरची सातशे कलमं, संघाचे टी-शर्ट त्याच्याच वडिलांनी दिलेले. कप्तान त्याचा बालमित्र. कप्तानाने त्याच्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, ‘‘आता तूच बोल. नायतर माका बोलूक लागतला.’’

म्हणजे कप्तानालाही ठाऊक होतं. डावऱ्याला काढण्याच्या बोलण्यावर माना हलत होत्या तेव्हाही ठाऊक होतं.

पोरगा बोलला. मस्करी होती, जिंकल्याची धुंदी होती, असं काहीबाही सांगू लागला आणि कोणाच्याच चेहऱ्यावर काही हलेना तेव्हा गप्प झाला. खजिनदाराच्या कपाळावर घाम आला. त्याचा हिशेब पार उलटला होता. ज्याला काढल्याने कोणाचंच काही बिघडणार नव्हतं त्याच्याऐवजी आता ज्याच्या घरून पैसे येतात त्याचं नाव वहीत चढत होतं.

निर्णय असा झाला. शिट्टी मारणारा या मोसमात खेळणार नाही आणि उद्याच जाऊन त्या बाईंची माफी मागेल. डावऱ्याने कीपरला दिलेल्या शिवीबद्दल एक सामना बाहेर बसायचं. ओव्हर टाकून जाणं आणि पंचाच्या अंगावर धावणं, याबद्दल त्याला तोंडावर सांगायचं: पुन्हा केलंस तर पूर्ण स्पर्धा बाहेर. उशिराबद्दल काही नाही, त्याला दुसऱ्या डावात गोलंदाजी द्यायची, म्हणजे लिलाव आटोपून येता येईल. टॉस जिंकला तर तसंच घ्यायचं.

खजिनदाराचा जीव कळवळला. ‘‘गुरुजी, दोघांकय बसवलास तर सेमीफायनल गेली.’’

‘‘जातली,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘फुडली मॅच सोप्या टीमवांगडा असती तर काय ठरवलं असतास? तांच आज ठरवा.’’

एक पोरगा हळूच म्हणाला की एक शिवी दिली तर एवढं काय, क्रिकेटात चालतंच. गुरुजींनी त्याला आचरेकरांची आठवण दिली. फेब्रुवारी १९८८मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात आझाद मैदानावर सचिन आणि कांबळी यांनी ६६४ धावांची नाबाद भागी केली, हे त्या पोराला पाठ होतं. डाव सोडा म्हणून सीमेवरून सरांचे सहायक हाका मारत होते आणि दोघं त्यांच्याकडे बघायचंच टाळत होते, हे त्याला ठाऊक नव्हतं. मैदानात आजही सांगतात की शेवटी सरांनी फोनवरून डाव सोडायला लावला, तेव्हा कांबळी ३४९ वर होता आणि एका धावेसाठी विनवत होता. सर ऐकले नाहीत. एवढ्या गुणाच्या पोरालाही जे सांगायचं ते तिथल्या तिथे, स्पष्ट, त्याच्या कानावर पडेल असं सांगितलं गेलं. ‘‘डावऱ्याक तीन वर्सांत असा कोणी सांगल्यान?’’ गुरुजींनी विचारलं. कोणीच सांगितलं नव्हतं. त्याच्या माघारी मात्र रोज बोलत होते.

दोन दिवसांनी बोट लागली. कप्तान, कीपर आणि गुरुजी पहाटे बंदरावर गेले. डावरो गुडघ्याएवढ्या बुटांत उभा राहून बांगड्याच्या टोपल्या वर देत होता. कप्तानाने वही उघडून एकेक गोष्ट वाचून दाखवली. टेंपोची गोष्टही सांगितली, आपण सगळ्यांनी आधी त्याचंच नाव घेतलं हेही सांगितलं. हे सांगताना त्याची नजर खाली होती, पण त्याने सांगितलं.

डावरो भडकला. माका कोणी इचारूक नाय, मी समुद्रात आणि माझ्या माघारी माझ्यावर कोर्ट बसवता, मला तुमचा संघच नको, असं तो इतक्या मोठ्याने म्हणाला की लिलावातली माणसं वळून बघू लागली. त्याचं म्हणणं रास्त होतं आणि गुरुजींनी ते मान्य केलं: नाव त्याच्या माघारी घेतलं गेलं ही चूकच, म्हणून तर आता समोर येऊन सांगतोय. शिवीबद्दल काय? डावऱ्याने एक टोपली उचलून दिली, दुसरी दिली. कीपर तिथेच उभा होता. तिसरी टोपली देऊन झाल्यावर डावरो त्याच्याकडे वळला. ‘‘कॅच सोडलंस तां सोडलंस. पण आवशीवरसून बोललंय तां माझा चुकला.’’ मग गुरुजींना म्हणाला, ‘‘शिट्टी कोणी मारल्यान तां माका आवाजावरसून तेवाच समजला होता. मी गप रवलंय. तांय लिवा वहीत.’’

गुरुजींनी लिहिलं.

सलामीचा फलंदाज अंगणवाडीत जाऊन आला होता, पण काम झालं नव्हतं. त्या बाईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘हसणारे खंय आसत?’’ त्या एकट्याची माफी त्यांना नको होती. शिट्टी एकाची होती, हसणं मात्र घाटीच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं, असं त्यांनी सांगितलं. तेव्हा दुसऱ्या दिवशी सगळे गेले. बाराजण. अंगणवाडीच्या पडवीत पोरांच्या खाऊची भांडी घासायला टाकलेली, त्यांच्या बाजूला हे बाराजण उभे. त्या दिवशीच्या तिघीही आल्या होत्या. डावरोही गेला, बंदरावरून तसाच. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. बाईंनी फार काही सुनावलं नाही. त्या रस्त्याने आम्ही रोज जातो, एवढं म्हणाल्या, आणि तुमच्या टेंपोचा आवाज आला की आता भारा खाली ठेवून उभं राहावं लागतं. त्यावर बाराजणांपैकी एकालाही बोलायला काही सुचलं नाही, आणि न सुचणं हेच त्या वेळी योग्य होतं.

सेमीफायनल वाडी हरली. शेवटच्या ओव्हरला समोरच्यांना नऊ हवे होते. चेंडू ज्याच्या हातात होता त्याचा पहिलाच चेंडू आखूड पडला आणि कलमांत गेला. चार चेंडूंत खेळ आटोपला. परतताना टेंपोत खजिनदार एकटाच बोलत होता: डावरो असता तर. त्याचं म्हणणं खरं होतं. डावरो असता तर बहुधा जिंकले असते. मला या गोष्टीतला हा भाग सोपा करून सांगायचा नाही. न्यायाने वागल्याबद्दल त्या संघाला काही बक्षीस मिळालं नाही, उलट चषक गेला, बक्षिसाची रक्कम गेली, आणि पुढच्या वर्षी टी-शर्टसाठी घरोघर वर्गणी फिरवावी लागली, कारण सातशे कलमांच्या घरून पैसे यायचे बंद झाले.

डावरो पुढच्या रविवारी मैत्रीच्या सामन्याला आला. रागीट तो राहिलाच. पंचाशी हुज्जत घातली, पण जागेवर उभं राहून. कीपरने पुन्हा एक झेल सोडला, तेव्हा डावऱ्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले, आभाळाकडे बघून काहीतरी पुटपुटला आणि पुढचा चेंडू टाकायला वळला. गुरुजींनी वहीत झेल सुटल्याची नोंद केली. पुटपुटण्याची केली नाही.

मे संपला, आंबा आटोपला, मासेमारी बंदीचे दोन महिने सरले, गणपती आले नि गेले. भातकापणीनंतर नव्या मोसमाची पहिली बैठक देवळात बसली. आदल्या वर्षीची वही पुढे ठेवली होती. तिच्या पहिल्या पानावर आता कायदा लिहिलेला होता: तक्रार ज्याच्याबद्दल असेल तो समोर हवा, काय केलं ते नेमकं सांगायचं, पाहिलेल्या माणसाने सांगायचं. कप्तानाने पहिल्या सामन्याचा संघ वाचून दाखवला. त्यात अकरावं नाव त्याच्या भाच्याचं होतं. भाचा मुंबईहून दिवाळीला आलेला, नेट लावून खेळणारा, बॅटही भारीतली. ज्या पोराचं नाव त्यासाठी गळलं होतं, तो पावसाळाभर चिखलात धावून आला होता.

डावरो उठला. ‘‘माझी तक्रार आसा,’’ म्हणाला. ‘‘कप्तानाबद्दल. तो समोर आसा. काय केल्यान तां सांगतंय, आणि मी बघलंय.’’

सगळी बैठक कप्तानाकडे बघू लागली. कप्तान लालबुंद झाला. त्याच्या तोंडाशी आलं होतं की तू कोण मला शिकवणारा, आणि ते जवळ बसलेल्यांना दिसलंही. पण त्याने वही पुढे ओढली, तारीख घातली, स्वतःचं नाव लिहिलं, आणि डावऱ्याला म्हणाला, ‘‘हां, सांग. सावकाश सांग, माका लिवूक होया.’’